खैरतळ्याची चाळीस मिनिटं

आलेखातली रेघ शनिवारी संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी खाली आली. ती उतरत उतरत आली नाही. एकाच टप्प्यात शून्यावर आली आणि तिथेच राहिली. सात बावन्नला ती पुन्हा उठली आणि नेहमीपेक्षा बरीच उंच गेली. मधला भाग अगदी सपाट होता. सुमेधा वैरागडेनं दोन्ही टोकांना खुणा लावून अंतर पुन्हा मोजलं. चाळीस मिनिटं. एकोणचाळीस नाही, एक्केचाळीस नाही.

जानेवारीतली सोमवारची सकाळ होती. नागपूरच्या त्या कचेरीत अजून कुणी आलेलं नव्हतं. सुमेधानं खुर्ची थोडी मागे घेतली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

या कचेरीतून 'चाहूल' नावाची सेवा चाले. कल्पना साधी होती. नकाशावर दोनशे मीटर बाजूचे चौकोन आखलेले. प्रत्येक चौकोनातून लोक समाजमाध्यमांवर उघडपणे जे लिहितात, त्याची एक सवय असते. बाजारपेठेतल्या चौकोनातून शनिवारी संध्याकाळी पाव तासाला दोनशे मजकूर निघतात, शेतशिवारातून आठवड्याला एखादा. सवयीपेक्षा एकदम जास्त मजकूर निघाले, ते निरनिराळ्या माणसांचे असले आणि त्यांत तेच ते शब्द दिसले, की यंत्र समजे, इथे काहीतरी घडतंय. ज्या मजकुरात ठिकाण नसे त्याचं ठिकाण ते शब्दांवरून ताडे: चौकाचं नाव, पानठेल्याचं नाव, एखाद्या शाळेचं टोपणनाव. आग, अपघात, महाप्रसाद, मोर्चा, काहीही असो, पाच मिनिटांत आसपासच्या फोनवर चाहूल लागे. रुग्णवाहिका निघे, बस रस्ता बदले, फुगेवालाही पोचे.

सुमेधाचं काम याच्या उलट होतं. ती शांतता शोधत असे. जिथे लोक बोलत असायला हवेत आणि बोलत नाहीत, तिथेही काहीतरी घडलेलं असतं, कदाचित जास्त गंभीर. खैरतळा या गावातल्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, शनिवारी संध्याकाळी पाव तासाला सरासरी सहा मजकूर निघत. म्हणजे चाळीस मिनिटांत सोळा. सोळा अपेक्षित असताना योगायोगानं एकही न येण्याची शक्यता एकोणनव्वद लाखांत एक. वीज गेली असती किंवा टॉवर बंद पडला असता तर शेजारचे चौकोनही गप्प झाले असते. ते बोलतच होते. फक्त पाळ गप्प होती.

यंत्रानं पडद्यावर विचारलं होतं: कारण?

कारण सुमेधाला पाहताक्षणी कळलं होतं. तिनं भिंतीवरचं पंचांग पाहिलं, ते केवळ खात्रीसाठी. शनिवार अमावास्येच्या लगतचा होता.

तिचा नवरा मुकुंद शाळेत विज्ञान शिकवायचा आणि अमावास्येच्या जवळच्या शनिवारी लोकांना आकाश दाखवायचा. त्याची एक रीत होती. आल्या आल्या प्रत्येकानं आपला फोन बंद करून वेताच्या टोपलीत टाकायचा. कुणी कुरकुरलं की तो सांगे, अंधारात पाहणाऱ्या दंडाकार पेशी उजेडानं निकामी होतात. त्यांच्यातलं रंगद्रव्य पुन्हा भरायला पस्तीस मिनिटं लागतात. मधे एकानं जरी फोन पेटवला, तरी सगळ्यांचं मुसळ केरात. पस्तीस मिनिटं डोळे तयार व्हायला आणि पाच मिनिटं पाहायला. त्या पाच मिनिटांत तो नुसत्या डोळ्यांनी एखादा अगदी धूसर ठिपका शोधायला लावे. मग टोपली परत. दुर्बीण त्यानंतर, ग्रहांसाठी. ग्रह पाहायला एवढा अंधार लागत नाही. बाकीचे हौशी लोक दहा मिनिटांत उरकायचे. मुकुंद घड्याळ लावून चाळीस मिनिटं बसवायचा.

नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी तो निघून गेला. चिठ्ठीत तीन वाक्यं होती. मी ठीक आहे. कुणाची चूक नाही. मला शोधू नका. पोलिसांनी चिठ्ठी वाचून परत दिली. सज्ञान माणूस आपल्या मर्जीनं गेला, म्हणाले, यात आम्ही काय करणार?

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. सुमेधा पुढे झाली, आणि यंत्रानं दिलेल्या पर्यायांतून तिनं 'टॉवर बंद' हा पर्याय निवडला. नोकरीच्या चोवीस वर्षांत तिनं खोटी नोंद केली ती ही पहिलीच.

*

"आली का गं? आज काय म्हणते तुझं यंत्र?"

अनसूयाबाई, मुकुंदची आई, बाल्कनीतल्या खुर्चीत बसलेल्या होत्या. वय ब्याऐंशी. उजवा डोळा काचबिंदूनं कधीच गेला होता, डाव्यानं अजून काम चाललं होतं.

"विशेष काही नाही, आई."

"नाही कसं? खालच्या बोकारेबाईकडे सुनेचं डोहाळजेवण होऊन राहिलं. या डबड्यानं मला सांगितलं." त्यांनी मांडीवरचा फोन थोपटला. "बोकारेबाईनं नाही सांगितलं."

"बोलवायला येतील अजून."

"कोण येते आता? चाहूल आहे न! ज्याला यायचं तो येतेच, म्हणतात. पूर्वी माणूस कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार जाये. चहा होये, दोन कागाळ्या होत. तू सगळ्यांचे जिने वाचवले बाई."

सुमेधा हसली, पण ते खरं होतं. कुठे काय चाललंय ते आता सगळ्यांना माहीत असे, म्हणून कुणी कुणाला कळवत नसे. नकाशावर वैरागड्यांच्या इमारतीचा चौकोन उघडला की तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोघी कशातच नसत.

चहा झाला. मग अनसूयाबाईंनी रोजचा प्रश्न विचारला. त्या मुकुंदचं नाव घेत नसत.

"अन् आपल्याकडचं काही?"

नऊ वर्षं सुमेधा या प्रश्नाला 'नाही' म्हणत आली होती. त्या दिवशीही ती 'नाही' म्हणाली. आवाज बदलला का, हे तिचं तिलाच कळलं नाही.

अनसूयाबाईंचा भाचा वर्ध्याला होता. दर दिवाळीला तो मावशीला न्यायला येई. सून ती सून, तीही नवरा नसलेली; तिच्याजवळ किती दिवस राहणार, असं नातेवाईक बोलत. अनसूयाबाई एकच उत्तर देत: "तो आला अन् दाराला कुलूप दिसलं तर?" त्या इथे राहत होत्या त्या मुकुंदची वाट पाहायला. हे सुमेधाला पुरतं ठाऊक होतं. मुकुंद खैरतळ्याला आहे असं कळलं असतं, तर त्यांनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली असती.

त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री सुमेधानं स्वतःला कारणं दिली. चाहूलमध्ये एकट्यादुकट्या माणसाचा शोध घ्यायला सक्त मनाई आहे. ज्यानं शोधू नका म्हटलंय त्याला हरवलेलं राहण्याचा हक्क आहे. टोपली दुसऱ्या कुणाचीही असू शकते. कारणं चांगली होती, एकेक तपासली तर बरोबरही होती. फक्त त्या सगळ्यांच्या खाली एक रिकामं घर होतं, आणि त्यात संध्याकाळी 'आली का गं' म्हणणारं कुणी नव्हतं.

*

मार्चमध्ये एका रविवारी ती भंडाऱ्याच्या पुढे, खैरतळ्याला गेली. अनसूयाबाईंना तिनं कामावर जाते म्हणून सांगितलं.

दुपारचं ऊन होतं. पाळीवर एकच टपरी उघडी होती. तिनं चहा मागितला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथे शनिवारी काही कार्यक्रम असतो का हो?"

"मास्तर चांदण्या दाखवते न!" टपरीवाली म्हणाली. "पन आंधी मोबाईल टोपलीत टाका लागते. माह्या पोराचा तं जीवच जाते. टोपली बी माहीच हाये बाई. कांदे ठेवाले आनली होती, आता मोबाईल ठेवतो."

"मास्तर कुठले?"

"कोन जाने बाप्पा. इचारलं तं म्हनते, आता इथलाच." तिनं हातातल्या गाळणीनं रस्त्याकडे दाखवलं. "ते पाहा न, सायकलच्या दुकानात. तितं बसते दिवसभर, चाकं शिध्दे करत. तुमाले भेटाचं हाये का? हाक मारू?"

"नको," सुमेधा म्हणाली. "नको, हाक मारू नका."

अंतर तीसेक मीटर असेल. मुकुंदच होता; केस पूर्ण पांढरे झाले होते. तो चाक फिरवत होता, थांबवत होता, आऱ्या एकेक करून ताणत होता. दुकानदार काहीतरी बोलला आणि मुकुंद मान मागे टाकून हसला. या नऊ वर्षांत सुमेधानं त्याची नाना रूपं मनात आणली होती: आजारी, पस्तावलेला, नदीत सापडलेला. हसणारा कधी आणला नव्हता.

चहा अर्धा टाकून ती निघाली. परतीच्या बसमध्ये शेजारची जागा रिकामी होती, भंडाऱ्याला कुणीतरी बसलं, वाटेत उतरून गेलं. घरी पोचल्यावर अनसूयाबाई म्हणाल्या, "रविवारीही राबवतात मेले," आणि तिच्यासाठी झाकून ठेवलेली थालीपिठं पुढे केली.

पुढे दर अमावास्येच्या सुमारास खैरतळ्याची रेघ खाली येई. वेळ ऋतूप्रमाणे पुढेमागे होई, लांबी मात्र चाळीस मिनिटंच. सुमेधा दर वेळी 'टॉवर बंद' लिही. पावसाळ्यात आकाश झाकलं तेव्हा रेघही थांबली. ऑक्टोबरात पुन्हा आली. सहाव्यांदा तिनं तेच लिहिलं, आणि यावेळी तिचं बोट अडखळलंसुद्धा नाही.

*

नोव्हेंबरात डोळ्यांची तपासणी होती. अर्धगोल भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं; आत चोपन्न जागी मंद ठिपके चमकतात.

"आजी, ठिपका दिसला की बटण दाबायचं," तिथली डॉक्टर मुलगी म्हणाली.

"अन् नाही दिसला तर?"

"तर काही करायचं नाही."

"ते मला चांगलं जमते."

कागद बाहेर आला. दिसलेल्या जागा पांढऱ्या, न दिसलेल्या काळ्या. सुमेधानं पिशवीतून जानेवारीचा कागद काढून शेजारी ठेवला. आयुष्यभर तिनं अशाच चौकटी वाचल्या होत्या. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जानेवारीत एकोणतीस ठिपके दिसले होते. आता सतरा.

"औषध चालू असूनही वेगानं चाललंय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. "गेलेलं परत येत नाही. मधला भाग शेवटी जातो, म्हणून अजून चेहरे कळतायत. किती दिवस, ते नाही सांगता येणार."

बारा ठिपके, दहा महिने. महिन्याला एक ठिपका आणि वर थोडं. सुमेधानं भागाकार केला तो सवयीनं, आणि केल्यावर तिच्या लक्षात आलं की तो कशाचा आहे. जानेवारीतल्या त्या सोमवारी तिनं तोंड उघडलं असतं, तर अनसूयाबाईंनी मुलाला एकोणतीस ठिपक्यांनिशी पाहिलं असतं.

रिक्षात अनसूयाबाईंनी विचारलं, "किती राहिलं गं?"

"सतरा."

"सतरा काय?"

"ठिपके."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजून पाहिलं. मग म्हणाल्या, "अन् माणूस किती ठिपक्यांचा असते?"

 सुमेधानं त्यांचा हात धरला. रिक्षा सिग्नलला थांबली, सुटली, पुन्हा थांबली.

*

दुसऱ्या दिवशी ऋचा लांजेवार तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ऋचा सुमेधाच्या हाताखाली तीन वर्षं काम करत होती, आणि एरवी बोलायला लागली की थांबत नसे. आज उभीच राहिली.

"बस ना."

"मॅडम, त्या मंगल कार्यालयाचं वाचलं ना तुम्ही?"

सुमेधानं वाचलं होतं. गेल्या आठवड्यात एका तालुक्याच्या गावी लग्नाची पंगत तळघरात बसली होती. जनरेटरचा धूर आत कोंडला आणि एकवीस माणसं जागच्या जागी बेशुद्ध पडली. उशिरा आलेल्या एका पाहुण्यानं दार उघडलं म्हणून सगळी वाचली.

"आपल्या यंत्राला ती शांतता दिसली होती," ऋचा म्हणाली. "दार उघडायच्या अकरा मिनिटं आधी. यंत्रानं तिला 'टॉवर बंद' म्हणून सोडून दिलं. मी म्हटलं, आपण लिहिलेल्या कारणांवरूनच ते शिकतं, मग हे शिकलं कुठून? शेजारचे चौकोन बोलत असताना एकच गप्प, अशी उदाहरणंच आपल्याकडे मोजून नऊ आहेत. त्यातली सहा खैरतळ्याची." ती थांबली. "मी टॉवरचा हिशेब मागवला, मॅडम. खैरतळ्याचा टॉवर वर्षभरात एकदाही बंद नव्हता. आणि सहाही नोंदींखाली तुमचं नाव आहे."

"हो."

"तुम्ही सहा वेळा चुकाल? तुम्ही आमच्या स्वल्पविरामाच्या चुका काढता!"

"चुकले नाही, ऋचा. खोटं लिहिलं."

ऋचा बसली. सुमेधानं तिला थोडक्यात सांगितलं. मुकुंद, टोपली, चाळीस मिनिटं. 

"आजींना माहीत आहे?" शेवटी ऋचानं विचारलं.

"नाही."

"का बरं पण? त्या तर रोज..." ऋचानं वाक्य सोडून दिलं. मग एकदम म्हणाली, "तुम्ही एकट्या पडाल म्हणून?"

इतक्या सरळपणे ते कुणी विचारलं नव्हतं, तिनं स्वतःही नाही. सुमेधा पडद्याकडे वळली. तिनं सहाही नोंदी एकेक करून उघडल्या, 'टॉवर बंद' खोडलं आणि तिथे लिहिलं: लोकांनी आपणहून पाळलेली शांतता. मग वरिष्ठांना पत्र लिहिलं. कोणत्या तारखांना, काय, का. चार ओळींत बसलं.

"आता खैरतळा सगळ्यांना दिसेल," ऋचा म्हणाली. "येत्या शनिवारी अमावास्या आहे. चाहूल लागली की आसपासच्या गावांतून माणसं येतील. आजींचा फोन पण..."

"हो," सुमेधा म्हणाली. "आजींच्या फोनवरही दिसेल कधी ना कधी. चाळीस मिनिटं म्हटलं की त्या ओळखतील. त्याआधी माझ्याकडून कळायला हवं."

"आणि नसतं दिसणार, तर?"

सुमेधानं पत्र पाठवून टाकलं. "कालपर्यंत नसतं सांगितलं," ती म्हणाली. "काल रिक्षात ठरलं होतं बहुतेक. फक्त तोंडातून निघत नव्हतं."

*

ती त्या दिवशी लवकर घरी आली. ऊन अजून बाल्कनीत होतं. अनसूयाबाई मेथी निवडत होत्या. काडी बोटांनी चाचपून, पानं खुडून परातीत टाकत होत्या.

"आज लवकर? हाकललं का काय?"

"कदाचित हाकलतील."

"हाकलू दे. मेथी निवडायला माणूस पाहिजेच आहे मला."

सुमेधा त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिनंही एक जुडी सोडली. दोघी निवडत राहिल्या. मुकुंदच्या चिठ्ठीत 'शोधू नका' होतं, ते तिनं नऊ वर्षं आपल्या बाजूनं पाळलं होतं. त्याच्या आईनं काय पाळायचं, हे अनसूयाबाईंना आजवर कुणीच विचारलं नव्हतं. त्यानं नाही, आणि गेल्या जानेवारीपासून तिनंही नाही. शनिवारनंतर या बाल्कनीत एक रिकामी खुर्ची उरेल. तेही तिनं आज पूर्ण विचार करून पाहिलं होतं, गणित सोडवावं तसं, शेवटच्या ओळीपर्यंत.

अनसूयाबाईंनी परात हलवून पानं सारखी केली.

"चहा टाकते का?" मग सवयीनं, वर न पाहता, "अन् आपल्याकडचं काही?"

सुमेधानं हातातली काडी खाली ठेवली.

"आहे," ती म्हणाली. "आई, मुकुंद खैरतळ्याला आहे. बरा आहे. मला जानेवारीपासून माहीत होतं आणि मी तुमच्यापासून लपवलं, कारण तुम्ही गेलात तर मला कुणी नाही. शनिवारी मी तुम्हाला त्याच्याकडे घेऊन जातेय. मी पाळीच्या अलीकडे टपरीवर थांबेन. तिथे राहायचं की माझ्याबरोबर परत यायचं, ते तुम्ही त्याला पाहून ठरवा."